यानातली बाग कोणी चोरली?

१

सिनेमा सुरू होऊन तासभर झाला आणि चिमट्याची खात्री पटली, की साडूचा सिनेमा पडणार. नुसता पडणार नाही, तोंडावर आपटणार. अंधारात तो गालातल्या गालात हसला. इतका आनंद त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

चिमटा हे अर्थात टोपणनाव. एका साप्ताहिकात तो 'चिमटे' नावाचं सदर लिहायचा, त्यावरून पडलेलं. एकेकाळी त्याला स्वतःला सिनेमे करायचे होते. ते जमलं नाही, तेव्हा तो दुसऱ्यांच्या सिनेमांतल्या चुका शोधू लागला आणि ते मात्र झकास जमलं. पण दैवाची थट्टा अशी, की त्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीने लग्न करावं ते नेमकं एका दिग्दर्शकाशी! तेव्हापासून सासूबाई भेटल्या की विचारायच्या, "धाकट्या जावयांचं नवीन काय चाललंय, कळलं का तुम्हाला?" थोरल्या जावयाचं काय चाललंय, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

आज त्या धाकट्या जावयाच्या महासिनेमाचा ट्रायल शो होता. स्टुडिओतलं छोटं थिएटर, पुढे निर्मातीबाई आणि वितरक, मागे घरची मंडळी. पडद्यावर शंभर वर्षांच्या प्रवासाला निघालेलं एक यान. यानाच्या कप्तानाचा डावा हात यंत्रात सापडून तुटला. लगेच पुढच्या दृश्यात कप्तान दोन्ही हातांनी यान चालवत होता. मग यंत्राने घोषणा केली, की यानातली हवा संपली. त्यावर कप्तानाने मानवाच्या स्वातंत्र्यावर एक लांबलचक भाषण केलं आणि कुणाला साधी धापही लागली नाही. शेवटी यानातली माळीण, जिला मघाशी साश्रू नयनांनी अंतराळात सोडून दिलं होतं, ती दार उघडून आत आली आणि कामाला लागली.

"मेली होती ना ही?" एक वितरक मोठ्याने म्हणाला आणि थिएटरभर खसखस पिकली. चित्राचं संकलन धाकटीने, म्हणजे चिमट्याच्या मेहुणीने, केलं होतं. खरं तर कप्तानाच्या हातावरून पहिलं हसू फुटलं तेव्हाच ती उठून बाहेर गेली होती.

बरं, सिनेमाला म्हणायचं तरी काय होतं? आधी म्हणे यंत्र हा माणसाचा वैरी. मग म्हणे आठवण हेच माणसाचं घर. शेवटी म्हणे मातीकडे परत चला. एक ना धड, भाराभर चिंध्या! नाव ठेवायला जागा नव्हती ती फक्त पार्श्वसंगीताला. हात तुटलेल्या कप्तानापासून धडधाकट कप्तानापर्यंत बासरी एका दमात, कुठेही न अडखळता गेली होती. 'पुढे काय आहे हे दिग्दर्शकाला नसेल, निदान बासरीवाल्याला तरी ठाऊक आहे,' असं एक वाक्य चिमट्याने सदरासाठी मनात जुळवूनही ठेवलं.

दिवे लागले. दिग्दर्शक पांढराफटक पडून उभा राहिला.

"चोरी झालीय!" तो ओरडला. "बागेची तिन्ही दृश्यं गायब आहेत! त्यांच्यावाचून या सिनेमाला अर्थच नाही. काल संध्याकाळपर्यंत होती, मी स्वतः पाहिली!"

हशा थांबला. निर्मातीबाई सावकाश मागे वळल्या. "काल संध्याकाळी एडिटिंग रूमची किल्ली कुणाकडे होती?"

"इतके दिवस साहेबांकडे होती," सिनेमाचा लेखक दिग्दर्शकाकडे बोट दाखवून म्हणाला. "काल संध्याकाळी संकलक बाई गावाहून आल्या, तेव्हा त्यांच्याकडे गेली."

धाकटी दारातच उभी होती. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. चिमट्याने साडूकडे पाहिलं. साडू आपल्या बुटांकडे पाहत होता.

२

"ताई, मी कशाला चोरेन गं? ती माझीच होती!"

धाकटी चिमट्याच्या स्वयंपाकघरात बसून रडत होती आणि तिची ताई, म्हणजे चिमट्याची बायको, तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. चहा निवून गेला होता. निर्मातीबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, दृश्यं गुरुवारपर्यंत मिळाली नाहीत तर सिनेमा आहे तसा लागेल आणि संकलकाने काय केलं ते सगळ्या धंद्याला कळेल. संकलकाच्या हाती माणसं वर्षांची मेहनत सोपवतात. ज्याच्या हातावर विश्वास नाही त्याला कोण काम देणार?

"तुझीच होती म्हणजे?" चिमट्याने विचारलं.

धाकटीने नाक पुसलं. मूळ पटकथेत बाग नव्हतीच, ती सांगू लागली. चित्रीकरण संपलं आणि सिनेमा तिच्या टेबलावर आला तेव्हाही त्याला ही अशीच भोकं होती. कप्तानाचा हात, हवा, मेलेली माळीण. लेखकाला सुचेना, दिग्दर्शकाला दिसेना. मग तिने टाकाऊ फुटेज चाळायला घेतलं. दिवे लावेपर्यंत माळिणीचं काम करणारी नटी सेटवरल्या कुंड्यांपाशी नुसती बसून असायची. कंटाळून पानं पुसायची, मान खाजवायची, कॅमेरा चालू आहे हे तिच्या गावीही नसायचं. ते तुकडे जोडून धाकटीने तीन दृश्यं तयार केली आणि त्यांवर स्वतःच्या आवाजात चार वाक्यं घातली.

"काय होती गं वाक्यं?" ताईने विचारलं.

"की यानातली माणसं केव्हाच मेली. झाडांना त्यांची सवय झाली होती, करमेना. म्हणून झाडांनी त्यांना आठवून आठवून पुन्हा उगवलं."

चिमट्याच्या डोक्यात चाकं फिरली. पुन्हा उगवलेल्या माणसाला हात असणारच. झाडाच्या जातीच्या माणसाला हवा संपल्याची काय फिकीर? आणि मेलेली माळीण दार उघडून येणार नाही तर काय करील? यंत्र, आठवण, माती, तिन्ही चिंध्या एका दोऱ्यात ओवल्या गेल्या. भोकं तीन नव्हतीच. एकच होतं आणि ते या रडक्या मुलीने टाकलेल्या तुकड्यांनी बुजवलं होतं.

त्याला हेवा वाटला. साडूचा नेहमी वाटायचा तसाच, पण या वेळी जास्त खोलवर.

"मग आई पडली, तिचं खुब्याचं हाड मोडलं," धाकटी म्हणाली. "मी दवाखान्यात जाऊन राहिले. तो म्हणाला, आता फक्त संगीत आणि बारीकसारीक उरलंय, मी बघतो. काल आले ती थेट किल्ली घेऊन घरी. खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही, शप्पथ! आणि आता बघितलं तर दृश्यंही नाहीत, ज्यातून केली ते फुटेजही नाही. पुन्हा जोडायचं म्हटलं तरी जोडता येणार नाही."

"ती दृश्यं पाहिली होती कुणी कुणी?"

"त्याने, निर्मातीबाईंनी आणि लेखकाने. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी दाखवली होती. तेव्हा संगीत नव्हतं." तिने मान वर केली. "भाऊजी, तुम्ही आयुष्यभर सिनेमातल्या चुका शोधता. ही एक शोधाल?"

चिमटा हो म्हणाला. पण मनातून एक बारीक आवाज म्हणत होता, बाबा रे, ती दृश्यं सापडली तर साडूचा सिनेमा पडणार नाही. साडूचा सिनेमा डोक्यावर घेतील.

३

निर्मातीबाई फोनवर तीन माणसांना एकदम झापत होत्या. चिमट्याला त्यांनी भुवईनेच बसायची खूण केली.

"सिनेमा लांबला म्हणून तुमचाच जीव वरखाली होत होता म्हणे," फोन खाली ठेवल्यावर चिमटा म्हणाला.

"अहो, होत होताच! पण मला कापायचं असतं तर कप्तानाचं भाषण नसतं कापलं? तो मेला बोलतोय बोलतोय. बाग कशाला कापू? बागेमुळे तर मी पैसे काढून घेतले नाहीत. पहिल्यांदा बघितली तेव्हा सगळ्यांसमोर म्हटलं, साहेब, बाग आहे म्हणून सिनेमा आहे, नाहीतर तुमचं यान भंगारात टाकण्याच्या लायकीचं आहे."

"त्यावर साहेब काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, आमच्या बायकोचा हात चांगला आहे." बाईंचा फोन पुन्हा वाजला. "हे बघा, मला चोर नको, दृश्यं हवीत. पण मिळाली नाहीत तर मी कुणाची बहीण आणि कुणाची बायको बघणार नाही."

लेखक उपाहारगृहात कोपऱ्यातल्या टेबलावर बिस्किटाचा चुरा करत बसला होता. तो चिमट्याला पाहून उठायला लागला, चिमट्याने खांद्याला धरून बसवला.

"तुम्हाला ती बाग सलत असेल नाही? पटकथा तुमची आणि वाहवा दुसरीची."

"सलत असेल?" लेखक एकदम फुटला. "झोप येत नाही हो मला! दोन वर्षं लिहीत होतो. माझ्या डोक्यात नाही आलं आणि हिला कुंड्या बघून सुचलं. कानामागून आली आणि तिखट झाली!"

"म्हणून काढून टाकलीत."

"मी?" लेखकाने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आता तुमच्यापासून काय लपवायचं. ती बाग माझीच कल्पना, असं मी गावभर सांगत सुटलोय. त्यावर मला पुढचं काम मिळालंय. ती दृश्यं पडद्यावर दिसली नाहीत तर माझंच दिवाळं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला मी काय खुळा आहे?"

चिमट्याला ते पटलं. असली लाजिरवाणी खोटी गोष्ट कुणी आपणहून रचून सांगत नाही.

मग तो साडूला भेटायला गेला. साडू आपल्या खोलीत पडदे ओढून बसला होता. नावाच्या पाट्या, ढाली, पदकं भिंतभर लावलेली. चिमट्याने त्या मोजायच्या नाहीत असं ठरवलं होतं, तरी नजर गेलीच.

"या साडूभाऊ. आनंद झाला असेल ना?"

"काहीतरीच काय! घरचंच काम आहे." उचलली जीभ लावली टाळ्याला, पण आपला आवाज खोटा पडतोय हे चिमट्यालाही ऐकू आलं. "मला एवढंच सांगा, ट्रायलच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही दृश्यं पाहिलीत ती पूर्ण होती?"

"पूर्ण म्हणजे? सगळा सिनेमा पुन्हा पाहिला. बागेत माळीण पान पुसते आणि मागून बासरी सुरू होते ना, डोळ्यांत पाणी आलं हो! काय वाजवलंय पोराने." साडू हळहळला. "तिनेच का केलं असेल असं, मला अजून कळत नाही. मी तिला काही बोललो नाही, बोलणारही नाही. शेवटी आपलेच दात, आपलेच ओठ."

चिमटा बाहेर पडला तेव्हा त्याला पहिल्यांदाच धाकटीची शंका आली. किल्ली तिच्याकडे. यंत्रावर तिचा हात बसलेला. 'बागेची कल्पना' म्हणून सुरुवातीच्या पाट्यांत आपलं नाव टाका, असं तिने मागितलं होतं आणि साडूने हसण्यावारी नेलं होतं, हेही त्याला बायकोकडून कळलं होतं. मला नाही तर कुणालाच नाही, असं म्हणणारी माणसं काय कमी असतात? मत्सराने माणूस स्वतःच्या घराची कौलंसुद्धा उतरवतो.

एकच माणूस उरला होता, संगीतकार. त्याला विचारण्यात तसा अर्थ नव्हता, कारण किल्ली त्याच्याकडे कधीच नव्हती आणि बागेशी त्याचं काही वैरही नव्हतं. तरी चिमटा गेला, कारण गुरुवार दोन दिवसांवर होता आणि दुसरं काही सुचत नव्हतं.

४

संगीतकार ध्वनिमुद्रणाच्या खोलीत पायांवर पाय टाकून केळं खात होता. या सगळ्या प्रकरणात हा एकच माणूस खुशीत होता.

"ट्रायलला माझं संगीत ऐकलंत ना? लिहाल ना काहीतरी?"

"लिहीन. बागेतली बासरी तर ऐकायला मिळाली नाही, पण साहेब म्हणाले, फार सुंदर आहे."

संगीतकाराने केळं खायचं थांबवलं.

"बाग?" तो म्हणाला. "कुठली बाग?"

चिमट्याच्या हातातली टोपी खाली पडली.

"माळीण पानं पुसते ती. यानातली बाग."

"अहो, मला या सिनेमात बाग कुणी दाखवलीच नाही. साहेबांनी चित्र आणून दिलं, हे पक्कं आहे म्हणाले, यावर संगीत कर. मी केलं. कप्तानाचा हात तुटलेला, लगेच पुढच्या चित्रात हात आहे, मी विचारलंसुद्धा, साहेब, हे असं कसं? तर म्हणाले, कलेत सगळं समजावून सांगायचं नसतं. मला वाटलं, असेल बुवा. मोठ्या लोकांचे सिनेमे कळत नाहीत आपल्याला. मग मीच ठरवलं, बासरी त्या हातावरून त्या हातावर अलगद नेऊ, म्हणजे लोकांना खड्डा जाणवणार नाही."

"हे कधीचं?"

"बाई आईकडे गेल्या ना, त्याच आठवड्यातलं. बाईंना फोन करून विचारावं असं मनात होतं, पण साहेब म्हणाले, ती दवाखान्यात आहे, त्रास नको देऊ."

चिमट्याने टोपी उचलली. त्याला आता सगळं दिसत होतं. आणि त्याच क्षणी हेही दिसत होतं, की हे फक्त त्यालाच दिसलं आहे.

५

घरी येऊन तो कपाटासमोर उभा राहिला. त्याच्या कपाटाच्या खालच्या खणात साडूच्या सगळ्या सिनेमांच्या तबकड्या होत्या. बायकोला वाटायचं, कामासाठी लागत असतील. खरं म्हणजे घरी कुणी नसलं की तो त्या लावायचा, चांगल्या जागा पुन्हा पुन्हा पाहायचा आणि जळायचा. एकदा रागाच्या भरात फेकायला काढल्या होत्या. कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेल्या आणि परत आणून ठेवल्या.

आता नुसतं गप्प बसायचं, की काम फत्ते. साडूचा सिनेमा शुक्रवारी भोकांसकट लागणार, लोक हसणार, 'चिमटे' सदर गाजणार, सासूबाईंचं तोंड बघण्यासारखं होणार. फक्त धाकटी बुडणार.

बायको दारात येऊन उभी राहिली. ती पुष्कळ वर्षं त्याच्याशी संसार करत होती, तिला बोलायची गरज पडली नाही. तरी बोलली.

"कळलंय ना तुम्हाला कोण ते? चेहऱ्यावर लिहिलंय. सांगायचं नसेल तर नका सांगू. पण मग ती इथे येईल तेव्हा तिला चहा तुम्हीच करून द्यायचा आणि समोर बसून प्यायचा."

चिमट्याने खण लावून टाकला आणि पायांत चपला सरकवल्या.

बुधवारी सगळे थिएटरात जमले. निर्मातीबाई, लेखक, संगीतकार, धाकटी आणि तिच्यापासून तीन खुर्च्या सोडून तिचा नवरा.

"चोरी काल-परवाची नाही," चिमटा म्हणाला. "बाग काल-परवापर्यंत सिनेमात असती, तर संगीत बागेवरूनही गेलं असतं. मग कुणी बाग कापली, तर बासरीही मधोमध कापली गेली असती. ट्रायलला आपल्या सगळ्यांच्या कानाला दणका बसला असता. बसला का? बासरी त्या खड्ड्यावरून एका दमात गेली. म्हणजे बासरी वाजायच्या आधीच तिथे बाग नव्हती."

संगीतकाराने मान हलवली. "नव्हतीच. मला दाखवलीच नाही."

"म्हणजे धाकटी दवाखान्यात असतानाच बाग गेली. तेव्हा किल्ली एकाच माणसाकडे होती. त्याच माणसाने काल मला सांगितलं, की बागेतली बासरी ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. जी बासरी वाजलीच नाही ती."

सगळ्यांच्या माना दिग्दर्शकाकडे वळल्या.

"मूर्खपणा आहे हा!" तो उसळला. "माझाच सिनेमा मी कशाला बिघडवीन?"

"कारण सगळे म्हणाले, बाग आहे म्हणून सिनेमा आहे. बाग तुमची नव्हती. तुम्हाला वाटलं, तिच्याशिवायही आपलं यान उडेल. उडालं नाही. लोक हसले, तेव्हा तुमच्या तोंडून चोरी हा शब्द निघून गेला. गप्प बसला असतात तर सिनेमा नुसता वाईट ठरला असता. हात दाखवून अवलक्षण करून घेतलंत."

निर्मातीबाई इतक्या जोरात उठल्या, की खुर्ची मागे आपटली.

"दृश्यं कुठे आहेत? पुसून टाकलीत?"

"पुसली नसणार," चिमटा म्हणाला. त्याचा आवाज का कोण जाणे, उतरला होता. "एडिटिंग रूममधून काढली असतील, पण पुसली नसणार. जळणारा माणूस असल्या वस्तू फेकत नाही. जवळ ठेवतो. दार लावून बघत बसतो, कुठे एखादी चूक सापडते का ते. यांच्या घरीच असतील, हाताशी."

"तुम्हाला कसं ठाऊक?" निर्मातीबाईंनी विचारलं.

"चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक," असं म्हणून चिमटा खाली बसला.

मग दिग्दर्शकाने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि एक छोटी हार्ड डिस्क काढून समोरच्या खुर्चीवर ठेवली. घरी नव्हतीच. तो ती अंगावर घेऊन हिंडत होता.

"चूक सापडली नाही," तो कुणाकडेही न बघता म्हणाला.

धाकटी उठली. तिने डिस्क उचलली, पदराला पुसली.

"तू ती काढलीस त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "मी संकलक आहे, रोज लोकांची लाडकी दृश्यं काढते. मला फोन करून म्हणाला असतास ना, की जळतोय मी तुझ्यावर, तर मी हसले असते आणि म्हटलं असतं, जळ बापडा. पण सगळे मला चोर म्हणत होते तेव्हा तू खाली बघत बसलास. ते मला कापता येत नाही."

तो काहीतरी बोलणार होता, पण ती संगीतकाराकडे वळली. "दोन दिवसांत तीन दृश्यांचं संगीत होईल?"

"उद्या देतो," संगीतकार म्हणाला.

६

शुक्रवारी सिनेमा लागला. पहिल्या पाट्यांत 'संकलन आणि बागेची कल्पना' म्हणून धाकटीचं नाव एकटं आलं. ती अट तिने निर्मातीबाईंकडून लेखी घेतली होती. लेखकाला आता आपल्या थापा कशा निस्तरायच्या हे कळेना, म्हणून त्याने तब्येत बिघडल्याचं कळवलं. सासूबाई चाकांच्या खुर्चीतून आल्या होत्या आणि भेटेल त्याला सांगत होत्या, "आमच्या धाकटीचा सिनेमा." जावयांचा त्यांना साफ विसर पडला होता.

मध्यंतरानंतर चिमट्याला आत बसवेना. बाग सुरू झाली, माळिणीने पान पुसलं, धाकटीचा साधा, जरा घोगरा आवाज थिएटरभर पसरला आणि शेजारचा अनोळखी माणूस नाक ओढायला लागला. चिमटा उठला आणि लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर आला.

बाहेरच्या बाकावर साडू बसला होता. दाढी वाढलेली. धाकटी बुधवारपासून ताईकडे राहत होती, त्यामुळे त्याच्या शर्टाला इस्त्री नव्हती की त्याच्याशी बोलायला माणूस नव्हता. चिमट्याने क्षणभर विचार केला आणि त्याच्या शेजारी बसला. आजवर या माणसाचं वाईट झालेलं बघायला तो किती आतुर होता! आता ते शेजारी बसलं होतं आणि त्याला त्यात काडीचीही मजा येत नव्हती.

आतून टाळ्यांचा आवाज आला. दोघंही दाराकडे बघत राहिले.

"परत येईल का हो ती?" साडूने विचारलं.

"मला काय माहीत? तिच्या ताईला विचारा. मला घरात कोण विचारतं?"

साडूने शर्टाची एक सुरकुती हाताने सरळ केली. मग म्हणाला, "सदर लिहून झालं?"

"काल दिलं."

"माझ्याबद्दल काय लिहिलंत?"

"एक ओळ. यान तुम्ही छान उभं केलंय म्हणून."

"आणि तिच्याबद्दल?"

"बाकी सगळं."

पुन्हा टाळ्या झाल्या. या वेळी थांबेचनात. कुणीतरी आत धाकटीचं नाव घेऊन ओरडत होतं, बहुतेक निर्मातीबाई.

"चांगलं लिहिलंत?"

"हो," चिमटा म्हणाला.

"त्रास झाला?"

"फार," चिमटा म्हणाला. "चारदा फाडलं."

साडूने मान हलवली, बाकावर जरा सरकून त्याला नीट बसायला जागा करून दिली आणि दोघं टाळ्या थांबायची वाट बघत राहिले.